शिंदीची झाडं

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आमच्या भागात सभा झाली की शिंदीची झाडं तोडल्याचा पराक्रम कुणीतरी सांगतंच. टाळ्या पडतात, आणि मला ते सलतं. माझे आजोबा दुधना नदीकाठी शिंदी काढायचे.

मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, आणि त्याच्या तिजोरीत आबकारीचा पैसा मोठा. लिलावात गुत्ता घेणार गुत्तेदार, झाडागणिक कर सरकारला, आणि झाडावर चढणार आमच्यासारखी माणसं. ऑगस्ट 1947 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. निजामाचं उत्पन्न बुडवायचं म्हणून ठिकठिकाणी शिंदीची बनं तोडली गेली.

त्यात आमचीही गेली. आजी त्या झाडांचं सांगताना थांबायची नाही. एका वर्षी खोडाच्या एका अंगाला खाच, पुढच्या वर्षी उलट अंगाला. म्हणून शिंदीचं खोड नागमोडी होतं आणि खाचा मोजल्या की किती वर्षं रस काढला ते कळतं. संध्याकाळी मडकं बांधायचं, झुंजुमुंजूला उतरवायचं. सकाळी रस गोड, दुपारपर्यंत फेसाळून आंबट. त्या पहाटे आजोबा कमरेला दोर बांधून गेले, तर झाडं आडवी, मडक्यांच्या खापऱ्या, आणि सांडलेल्या रसाला मुंग्या लागलेल्या. गुत्तेदारानं आपली खोट आजोबांच्याच नावावर मांडली. आजीच्या पायातल्या तोरड्या गेल्या, तरी बाकी फिटली नाही. निजामाचं किती बुडालं ते सभेत सांगतात. आमचं काय गेलं ते एकानंही विचारलं नाही. कुऱ्हाड चालवणाऱ्यांनी आधी कानावर घातलं असतं, तर आजोबांनी निदान मडकी तरी उतरवली असती!

तरी तोडणाऱ्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या धाकानं आजी रात्र रात्र ज्वारीच्या रानात काढायची, हेही तीच सांगायची. हैदराबाद शरण आलं, तेव्हा गावजेवणाची लाकडं आजोबांनीच फोडली.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढं तिकडचा दारूबंदी कायदाही आला आणि उरलासुरला धंदाही बसला. आज तासाभरावर संभाजीनगरला बिअरचे मोठाले कारखाने उभे आहेत, आणि त्यांचा महसूल सरकार अभिमानानं सांगतं. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करणाऱ्यांनी शिंदी काढणाऱ्यांच्या घरीही जावं. आजीच्या पिढीतलं एखादं माणूस अजून सापडेल, पण त्यासाठी यंदाच निघायला हवं.