फेरंगींची वही

फिरंगी हा शब्द मराठीत फार जुना आहे. युरोपातील फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला. शिवकाळात पोर्तुगीजांना फिरंगी म्हणत, आणि युरोपीय बनावटीच्या सरळ पात्याच्या तलवारीलाही फिरंग हेच नाव पडले. सुरतेला उतरलेला माल बऱ्हाणपूरकडे निघाला की त्याची वाट खान्देशातून जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हा 1615 साली सुरतेहून बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझच्या भेटीस गेला. नफ्यासाठी समुद्र ओलांडून आलेला परका, असाच या शब्दाचा अर्थ आशियातील बाजारपेठांच्या मनात रुजला होता.

अमेरिकेत 1987 साली ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानमालिकेचा नवा अवतार सुरू झाला, तेव्हा तिच्या लेखकांनी याच शब्दावरून एका परग्रहवासी जमातीचे नाव ठेवले : फेरंगी. ठेंगणी शरीरे, अणकुचीदार दात, अवाढव्य कान आणि नफ्याखेरीज दुसरा विचार नाही. पूर्वेने पश्चिमेच्या व्यापाऱ्यास दिलेले नाव पश्चिमेने आकाशातील व्यापाऱ्यास देऊन टाकले.

मूळ मालिका त्याहून जुनी, 1966 ची. जीन रॉडनबेरी तिचे जनक. तीन वर्षांत 79 भाग झाले आणि प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून ती बंद पडली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली. 1984 साली देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा धडाका सुरू होता आणि तालुक्याच्या गावीही छपरांवर अँटेना दिसू लागल्या होत्या. ज्या घरी संच, त्या घरी अर्धी गल्ली सतरंजीवर बसे. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक, ‘एंटरप्राइज’ यान ही नावे इंग्रजी धड न समजणाऱ्या मुलांनाही पाठ झाली. पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, 1998 मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. पण त्या पहिल्या यानाची सर त्यांना आली नाही.

व्यापारी कुटुंबातील वाचकांना या मालिकेच्या जमाखर्चाची बाजू विशेष रंजक वाटेल. यान प्रत्येक ग्रहावर उतरताना दाखवायचे तर खर्च परवडेना. म्हणून माणसे झगमगत्या प्रकाशात विरघळून थेट ग्रहावर प्रकटतात, ही युक्ती काढली गेली. आज जिला दूरदृष्टीची कल्पना म्हणून गौरवतात ती मुळात काटकसर होती. यानावरील डॉक्टरांची शस्त्रक्रियेची काही उपकरणे म्हणजे नव्या घडणीच्या मीठदाण्या. आणि ते यान? अकरा फूट लांबीची, मुख्यतः लाकडाची प्रतिकृती. ती 1974 पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. परग्रहवासीयांच्या बाबतीतही तेच धोरण होते. कानाला टोक दिले की एक जमात आणि कपाळावर वळ्या चिकटवल्या की दुसरी. भुवयांवर भागले तर आणखी उत्तम.

या जमातींकडे जैन घरातील मनुष्य पाहू लागला की त्याला ओळखीचे काहीतरी दिसू लागते. क्लिंगॉन म्हणजे क्रोध. तलवारीवाचून त्यांचे पान हलत नाही. रोम्युलन आपले यान अदृश्य करून हिंडतात, ती माया. फेरंगी म्हणजे लोभ, यात शंकाच नाही. व्हल्कन मात्र विकार जिंकलेले, तर्कनिष्ठ आणि शाकाहारी. स्पॉक एका भागात भूतकाळात अडकून मांस खातो आणि आपल्या अधःपतनाने हादरतो, हे पाहून आपल्याकडील आजीबाईंचा त्याच्याविषयीचा आदर दुणावेल. पण तर्काचा सूक्ष्म अभिमान व्हल्कनांनाही सुटलेला नाही. म्हणजे मानही आला आणि चार कषाय पूर्ण झाले. लेखकांच्या मनात अर्थातच असे काही नव्हते. शिवाय आपल्या शास्त्राने हे चारही विकार प्रत्येक संसारी जीवाच्या पदरी घातले आहेत. मालिकेने ते एकेका जमातीच्या माथी मारले. सोय म्हणून हे ठीक, पण अन्यायाची सुरुवात याच सोयीपासून होते.

जळगावच्या दाणा बाजारातील एका पेढीवर हा अन्याय अनपेक्षितपणे येऊन पोहोचला. त्या घरचा नातू पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. वसतिगृहातील सहा मुलांचा सामायिक खर्च तो पैशापैशाने लिहून ठेवी. महिनाअखेर हिशोब चोख. मित्रांनी त्याचे नाव ‘फेरंगी’ ठेवले. नावामागे दुष्टावा नव्हता, पण पुढच्या सुटीत तो पेढीवर फिरकला नाही. वर्गात कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला तर तो मोघमपणे ‘खासगी’ म्हणू लागला होता.

आजोबांनी कारण विचारले.

“दादाजी, त्या मालिकेतले फेरंगी म्हणजे आपणच. तुम्ही एकदा बघा.”

“आपले कान कुठे एवढे मोठे आहेत, बेटा?” आजोबा म्हणाले. “आणि लांब कान म्हणजे आपल्याकडे शुभलक्षण.”

विनोद करून त्यांनी वेळ निभावली, पण गोष्ट मनाला लागली होती. त्या आठवड्यात ते धुळ्याला लेकीकडे गेले आणि तिच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांनी ‘डीप स्पेस नाइन’ (1993 ते 1999) या पुढच्या मालिकेचे भाग लावून घेतले. भाचरे खुणेने हसत राहिली.

त्यांनी पाहिले ते त्यांना नवे नव्हते. ‘मदर इंडिया’तील सुखीलाला 1957 चा, बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ 1925 चा. वहीवर अंगठा घेणारा, डोळे मिचकावणारा शेठ पडद्यावर नेहमीच होता. फेरंगींच्या चित्रणात ज्यू व्यापाऱ्यांच्या जुन्या विटंबनेची छाया असल्याची टीका पश्चिमेतही झाली आहे. मात्र सगळेच बालंट म्हणून झटकता येत नाही. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती उगाच नाही. चक्रवाढीने पिचलेले कुळ ही काही पडद्यावरची कल्पना नव्हती.

फेरंगींचा धर्मग्रंथ म्हणजे संपादनाचे 285 नियम. त्यांतला पहिला, एकदा हाती आलेला पैसा परत करू नये अशा अर्थाचा. आजोबांनी एवढे ऐकून दूरदर्शक थांबवायला सांगितला. पैसा परत करायचाच नसेल तर हुंडी चालली कशी असती, हा त्यांचा प्रश्न. परक्या गावच्या चिठ्ठीवर अनोळखी माणसाला रोकड मोजून देणारी पेढी याच प्रदेशात होऊन गेली, आणि तिची पत एका नकाराने बुडत असे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : चोरीस उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यापार करणे, देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे, अस्सल म्हणून नकली माल खपवणे. पाचही बाजारातले. (तिसऱ्यात जीएसटीचे नाव नाही, एवढेच.) ते सर्वांनी पाळले असे कोणी म्हणणार नाही, पण नियमच उलटे लिहिलेला समाज आणि नियम मोडणारा समाज यांत फरक आहे.

पुढे मात्र मालिकेने आजोबांना चकवले. क्वार्क हा फेरंगी गुत्तेवाला 1994 च्या एका भागात मानव अधिकाऱ्याला सुनावतो : तुम्ही आम्हाला हीन समजता, पण गुलामगिरी, छळछावण्या आणि ग्रहाग्रहांतली युद्धे आमच्या इतिहासात नाहीत. आजोबांनी तो प्रसंग दोनदा पाहिला. त्याचा भाऊ रोम गुत्त्यातील नोकरांची संघटना काढतो. पुतण्या नॉग व्यापार सोडून ताऱ्यांच्या आरमारात भरती होणारा पहिला फेरंगी ठरतो. फेरंगी स्त्रियांना नफा कमावण्याची बंदी. क्वार्कची आई ती मोडून गुपचूप कमावते, आणि मुलापेक्षा कितीतरी अधिक. अखेरीस त्या ग्रहावर उत्पन्नानुसार चढता कर लागू होतो आणि क्वार्क हबकून जातो. येथे आजोबा मोठ्याने हसले. गुजरातीत, मारवाडीत, अहिराणीत कोणत्याही पेढीवर हे दुःख अनुवादाशिवाय पोहोचेल.

जळगावला परतल्यावर त्यांनी जुन्या वहीची मागची पाने काढली आणि पेढीचे नियम लिहायला घेतले. तोंडी चालत आलेले होते, कागदावर कधी नव्हते. शेतकऱ्याच्या मालाचे वजन त्याच्यासमोर. ओला माल परत करताना भाव पाडून मागायचा नाही. हमालाची मजुरी त्याच संध्याकाळी. अकरा नियम झाले. बारावा उधारीवरच्या व्याजाचा आहे, आणि त्यावर आजोबा आणि नातू यांचे अजून जमलेले नाही. नातू दर छापून भिंतीवर लावा म्हणतो. आजोबांचे म्हणणे, माणूस पाहून दर सैल करावा लागतो. त्यासाठी नातू हल्ली सुटीत रोज संध्याकाळी पेढीवर येतो.