पहिल्या चारांत आलेल्या मुली

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
२० जानेवारी २०२५

प्रिय सई,

काल रात्री फोनवर तुझा आनंद नुसता उतू जात होता. साहजिकच आहे. खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक आणि दोन्ही अजिंक्यपदं आपली! मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राची. इथे जुन्या महाराष्ट्र सदनात आज सकाळी पोह्यांच्या रांगेतसुद्धा दुसरा विषय नव्हता.

पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आत्या, नेपाळनं युगांडाच्या मुलींना ८९-१८ असं धुतलं. असल्या संघांना बोलावतातच कशाला?" तेव्हा घाईत बोलणं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

युगांडा आपल्या महाराष्ट्राहून लहान देश. चहूकडे जमीन, समुद्र नाही. दहा हजार मीटर धावण्याचा विश्वविक्रम तिथल्याच जोशुआ चेप्टेगेईच्या नावावर आहे, तेव्हा पळायचं कसं हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण खो-खो नुसत्या पळण्यावर भागत नाही, हे तुला मी काय सांगणार? पाठीवर थाप आणि कानावर 'खो' पडेपर्यंत चौकोनातून हलायचं नाही. उठून एकदा दिशा धरली की हूल कळली तरी माघारी वळायचं नाही. बसलेल्या दोघींच्या मधून समोरची मुलगी हाताच्या अंतरावर दिसत असते, पण तिथून घुसायची मुभा तिला. आपण खांबाला वळसा घालायचा, नाहीतर खो द्यायचा. हे पायांचं काम कमी आणि सवयीचं जास्त. तुझ्या अंगात ते शाळेच्या मैदानावर कधी मुरलं, तुलाही आठवणार नाही. ज्या मुलींच्या आया-मावश्या ओचा खोचून खो-खो खेळलेल्या नाहीत, त्यांना हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

त्या मुली शिकल्या. युगांडाचा फक्त महिला संघ दिल्लीला आला होता. गटातून तो पुढे आला, उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडला ७१-२६ असं हरवलं आणि पहिल्याच विश्वचषकात पहिल्या चारांत जाऊन बसला. तू ज्या ८९-१८ला हसलीस, तो उपांत्य सामना होता, सई. तिथवर पोचायलाच किती संघ मुकले!

आता आपल्या घरातली गोष्ट ऐक. १९७५ साली क्रिकेटचा पहिला विश्वचषक झाला. सलामीलाच इंग्लंडनं ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि आपण २०२ धावांनी हरलो. आपल्या गावसकरांनी १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ केल्या. तेव्हा कुणी म्हणालं असतं, "ह्यांना बोलावतात कशाला?", तर काय उत्तर होतं आपल्याकडे? त्या स्पर्धेत आपण एकच सामना जिंकलो, पूर्व आफ्रिकेविरुद्ध, लीड्सला, दहा गडी राखून. एकदिवसीय क्रिकेटमधला तो आपला पहिला विजय. पूर्व आफ्रिकेच्या त्या संघात युगांडाचेही खेळाडू होते. आठच वर्षांनी, १९८३ला, लॉर्ड्सवर चषक आपल्या हातात होता. मधल्या काळात आपल्याला कुणी दाराबाहेर ठेवलं नाही, म्हणून तो दिवस दिसला.

खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. शंभर वर्षं आपण हा खेळ जिवापाड जपला. पण आपणच खेळायचं, आपणच जिंकायचं, एवढ्यानं तो जगाचा होत नाही. युगांडासारखे देश येतील, सपाटून हरतील, परत जाऊन सराव करतील आणि पुन्हा येतील, तेव्हाच तो वाढेल. एक दिवस ते आपल्यालाही हरवतील. मला तो दिवस बघायचा आहे आणि त्या दिवशी मी मनापासून टाळ्या वाजवणार आहे.

तू यंदा संघाची कर्णधार झालीस. सहावीतल्या नव्या मुली आल्या की गुणफलक बिघडतो म्हणून त्यांना सामन्यात उतरवत नाही, असं मागे म्हणाली होतीस. पुढच्या सामन्यात त्यांतल्या दोघींना पहिल्या तुकडीत पळती करायला पाठव. लवकर बाद झाल्या तर होऊ देत. त्याच्या पुढच्या सामन्यातही त्यांनाच पाठव.

तुझी,
आत्या