पेटीला पंख नसतात



शब्बाथ शाळेच्या मुलांनी आमच्या घरची पिल्ले पाहिली आणि बातमी बेळगावभर गेली. तेव्हापासून चर्चच्या दारात आम्हां दोघांना एकच विचारणा होते: कोंबडी नसताना पिल्ले कशी काढली? म्हणून या वेळी लिहायला बसलो आहोत. पण नुसती कृती लिहून भागणार नाही, कारण ही पेटी आमच्या घरात आली तेव्हा घर फार शांत झाले होते.

जानेवारीत आमच्या लेकीचे बाळ पाचव्या महिन्यात गेले. ती विश्रांतीसाठी आमच्याकडे आली. जावई हुबळीहून दर शनिवारी येत, सोमवारी पहाटे परत जात. जेवायला चौघे बसायचो आणि भाजीत मीठ किती एवढेच बोलायचो. एका शनिवारी जावई थर्मोकोलचा खोका, दोन बल्ब, संगणकातला जुना पंखा आणि एक थर्मोस्टॅट घेऊन आले आणि अंगणात जोडत बसले. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात खानापूरकडच्या नात्यातून 20 गावरान अंडी आली.

आमच्या घरातल्या आजी 84 वर्षांच्या. त्यांनी आयुष्यभर खुडूक कोंबड्या रवणीला बसवल्या. डालग्यात भुसकट, त्यावर अंडी, वर कोंबडी, झाले. पेटी बघून त्या म्हणाल्या, "ऊब देईल गं, पण हाक कोण मारणार?" तेव्हा आम्ही हसलो.

प्रवासाने हललेली अंडी लगेच ठेवायची नसतात. निमुळते टोक खाली करून एक दिवस तशीच निवांत ठेवली आणि शुक्रवारी संध्याकाळी पेटीत घातली. पंख्याच्या पेटीत 37.5 अंश सेल्सिअस लागते. वाटीत पाणी ठेवून ओल पहिले 18 दिवस साधारण 50 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की विसर पडत नाही. सकाळची पाळी आईची, दुपारची लेकीची, रात्रीची पप्पांची. दुपारची पाळी तिने मागून घेतली होती. त्यासाठी ती अंथरुणातून उठू लागली, हे आम्हांला तिसऱ्या दिवशी ध्यानात आले.

हे सगळे कोंबडी एकटी करते. चोचीने अंडी फिरवते, दिवसातून काही मिनिटांपुरती उठून दाणापाणी करते, वजनाने उतरते. तिच्या छातीची पिसे गळतात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. आजींनी हे सांगितले त्या रात्री आम्ही मत्तय 23:37 काढून वाचले. यरुशलेमेकडे पाहून प्रभूने स्वतःला सिंहाची उपमा दिली नाही, गरुडाचीही नाही. पंखांखाली पिल्ले गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची दिली. हे वचन आम्ही किती वेळा ऐकले असेल! पण त्या पंखांच्या आत पिसे गळालेली उघडी छाती असते, हे कधी मनात आले नव्हते.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी धरून बघतात. लेक झोपल्यावर बघावे, असे आम्ही ठरवले होते. पण ती आपणहून आली आणि टॉर्च तिनेच हातात घेतली. पहिल्याच अंड्यात लाल शिरांचे जाळे आणि मधोमध हलणारा काळा ठिपका दिसला. तो डोळा. स्तोत्र 139 मध्ये दावीद म्हणतो तसे, घडण पुरी होण्याआधी देव पाहतो, आणि इथे आम्ही तीन माणसे स्वयंपाकघरात दिवा मालवून तेच पाहत होतो. चार अंडी पारदर्शक निघाली, त्यांत जीव धरलाच नव्हता. अशा अंड्याला आमच्याकडे वांझ म्हणतात. तो शब्द त्या रात्री कोणी उच्चारला नाही. एका अंड्यात लाल कडे दिसले, शिरांचे जाळे नव्हते. जीव धरून थांबला की असे कडे उरते.

"हे सुरू झालं होतं ना, पप्पा?" तिने विचारले.

"हो."

"मग याला त्या चारांत घालू नका."

तिने ते वेगळे ठेवले आणि सकाळी शेवग्याखाली पुरले. त्या दिवशी ती जानेवारीनंतर पहिल्यांदा आमच्यासमोर रडली.

इथे मंडळीला एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जे बाळ जन्मापर्यंत पोचत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे ना प्रार्थनासभा होते, ना कोणी घरी येऊन बसते. येतात ते "देवाची इच्छा" म्हणतात, "अजून वय आहे" म्हणतात आणि चहा घेऊन जातात. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढे त्यांचे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. आमच्या लेकीजवळ असे गप्प बसणाऱ्या दोन बहिणी या मंडळीत निघाल्या. त्यांची नावे लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात वळीव कोसळला आणि रात्री अडीच तास वीज गेली. अशा वेळी झाकण उघडायचे नाही, हा नियम. पेटीवर आजींची वाकळ पांघरली आणि चौघे भोवती बसून राहिलो. काटा 34 वर उतरला, मग वीज आली. चौदाव्या दिवशी पाहिले तेव्हा एक अंडे आणखी गेले होते. 14 उरली.

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी अठरावा दिवस भरला आणि फिरवणे थांबवले. पुढचे तीन दिवस हात लावायचा नाही. एवढे दिवस आपल्या हातांनी चाललेले काम असे सोडून देणे जड जाते. गुरुवारी प्रभुभोजनाच्या उपासनेहून परत आलो तर पेटीतून चिवचिव! कवच अजून अखंड होते. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालते, तिथे पहिला श्वास घेते आणि तिथूनच बोलते. कोंबडी असेल तर ती बाहेरून त्याला उत्तर देते. आमची पेटी गप्प होती. आजी काठी टेकत आल्या, खुर्ची ओढली आणि "क्लक्, क्लक्" करत पेटीशी बोलू लागल्या. हाक कोण मारणार, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले.

उत्तम शुक्रवारी सात उद्गारांच्या उपासनेला आम्ही दोघे गेलो, लेक घरीच थांबली. परतलो तेव्हा दहा पिल्ले ओल्या अंगाने लोळत होती. अकरावे सकाळीच कवचाला भोक पाडून थांबले होते, ते शनिवारीही तसेच. जावयांनी चिमटा हातात घेतला. अशा वेळी कवच सोलले तर रक्त वाहू शकते, कारण शिरा अजून आटत असतात आणि बलकाची पिशवी पोटात ओढली जात असते. तोच बलक पिल्लाला पुढचे दोन दिवस पुरतो. लेकीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्याला वेळ लागतोय, एवढंच." दोघे पेटीपाशी बसून राहिले. बऱ्याच महिन्यांनी ते एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, म्हणून आम्ही बाहेर अंगणात गेलो. दुपारी चारला ते पिल्लू बाहेर आले.

ईस्टरच्या सकाळी एका अंड्याला बारीक तडा होता आणि आत हालचाल नव्हती. उरलेल्या दोघांनी चोचही मारली नाही. आम्ही "प्रभू उठला आहे" म्हणत चर्चला गेलो, परत येऊन तीही शेवग्याखाली पुरली. पुनरुत्थानाच्या दिवशीच असे का, हे शब्बाथ शाळेतल्या एका मुलीने विचारले. आम्ही तिला म्हणालो की आम्हांला ठाऊक नाही, आणि तिला पिल्लांजवळ घेऊन गेलो.

पिल्लांना पहिला आठवडा 35 अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पाण्याच्या थाळीत खडे घालावेत, नाहीतर ती बुडतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावून द्यावी. अकरांपैकी कोंबडे किती आणि तलंगा किती, हे कळायला अजून काही आठवडे जातील. ज्यांनी मागितल्या आहेत त्यांनी तोवर खुराडे तयार ठेवावे, मांजरापासून राखायची जबाबदारी त्यांची. अकरावे मात्र कोणाला मिळणार नाही, ते हुबळीला जाणार आहे.

लेक येत्या सोमवारी जावयांबरोबर घरी परत जात आहे. दोघांना प्रार्थनेत आठवा. आणि रविवारी भेटलीच तर तिला पिल्लांबद्दल विचारा, ती सांगेल.