स्पष्ट की लख्ख?

गेमिंग मॉनिटर घ्यायचाय? मग खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१ मिलिसेकंद’वर लगेच फिदा होऊ नका. शेजारी बारीक अक्षरात ‘एमपीआरटी’ असेल, तर तो आकडा बहुतेकदा स्क्रीनचा उजेड कापून मिळवलेला असतो.

मी व्हॅलोरंटवाला. रात्री जेवणं उरकली की तासभर, बस्स. समोरून कुणी पळत गेला आणि नजर त्याच्यामागे धावली, की तो माणूस म्हणजे नुसता धुरकट पट्टा! कारण ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबते, नजर मात्र पुढे सरकत राहते. चित्र फासल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. जुन्या सीआरटीवर, म्हणजे त्या डबा मॉनिटरवर, ही भानगड फारशी नव्हती. तिथला ठिपका चमकून लगेच विझायचा.

यावर उपाय म्हणजे स्ट्रोबिंग. बॅकलाइट सतत न लावता प्रत्येक फ्रेमला एकदाच, क्षणभर चमकवायचा. चित्र एकदम कोरीव! पण बॉस, हिशेब करा. १२० हर्ट्झवर फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची. त्यातले २ मिलिसेकंदच दिवा लागला, तर उजेड उरला जेमतेम पाव. ४०० निट्सचे झाले १००! (कंपनीने दिव्याला जादा जोर दिला नसेल तर. २०२३ मध्ये एनव्हिडियाने ‘यूएलएमबी २’ आणताना २५० निट्सहून जास्त ब्राइटनेसचा दावा केला, तो याच जोरावर.) आमच्या हॉलमध्ये मी स्ट्रोबिंग लावलं की बायको विचारायची, ‘‘अरे, लोडशेडिंग आहे का?’’

अंधार चालला असता, पडदे ओढले की झालं. पण ही उघडझाप दिसली नाही तरी काहींचं डोकं उठवते आणि बायकोला मायग्रेन आहे. तिचं वर्क फ्रॉम होमही याच स्क्रीनवर. दर वेळी आठवणीने सेटिंग बंद करायचं, हा भरवसा माझ्यावर मी तरी ठेवणार नाही.

म्हणून नवा मॉनिटर २४० हर्ट्झचा, स्ट्रोबिंग कायमचं बंद. फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची, स्ट्रोबिंगइतकी कोरीव नाही, पण उजेड पुरा आणि उघडझाप नाही. ग्राफिक्स कार्डाने तेवढ्या फ्रेम्स द्यायला हव्यात, हे खरं. व्हॅलोरंट हलका गेम, त्यामुळे माझं निभावतं.

ती आता शेजारी बसून मॅच बघते. मी मेलो की जोरात हसते.