उतरणीला धरणारं यंत्र

ओझं वाहणाऱ्या यंत्राचं गणित मला आवडतं, कारण ते जमिनीवरून सुरू होतं. 100 किलो माल आणि 60 किलोची गाडी, असे 160 किलो. दहा फुटांत एक फूट वर जाणारा चढ असेल, तर वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 16 किलोचा जोर नुसता चढासाठी लागतो. भुसभुशीत मातीत चाक रुततं, तिथे आणखी तेवढाच धरावा. झाले 32 किलो. चाकाची त्रिज्या 20 सेंटिमीटर असेल, तर दोन्ही चाकांवर मिळून साधारण 63 न्यूटन-मीटर टॉर्क हवा.

एवढं कागदावर आलं की बाजारात जाता येतं. ई-सायकलला लावतात तसल्या, गिअरबॉक्ससकट मिळणाऱ्या 24 व्होल्टच्या दोन मोटरी घेतल्या. प्रत्येकी 250 वॅट, मिनिटाला 300 फेरे. पुढे चेन लावली, छोटं स्प्रॉकेट 9 दात्यांचं, मोठं 44 दात्यांचं. फेरे जवळजवळ पाचपट कमी, टॉर्क तेवढाच जास्त. चाकांवर मिळून 78 न्यूटन-मीटर येतात. चेन आणि बेअरिंगमधली घट वजा केली तरी चढ पार होतो. वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीचा.

कोल्हापुरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शेड ही रोजची भाकरी. मोटरी आणि मायक्रोकंट्रोलर हा रात्रीचा नाद. ही गाडी दाजींच्या द्राक्षबागेसाठी होती. त्यांची बाग तासगाव तालुक्यात, माळावर. माल न्यायला येणारा टेम्पो उभा राहतो खालच्या रस्त्यावर. तोडणीच्या दिवसांत बायका 20-20 किलोचे क्रेट डोक्यावर घेऊन आधी बांधापर्यंत चढतात आणि मग रस्त्यापर्यंत उतरतात. दाजींना मी वरचा सगळा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "ओढतंय किती ते राहू दे. उतरणीला धरतंय का, ते सांग."

बैलगाडी हाकलेल्या माणसाचा प्रश्न होता तो, आणि मला वाटतं या कामातला तोच खरा प्रश्न आहे. किती उचलतं यावर यंत्राचं कौतुक होतं. पण ते कसं थांबतं यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं की नाही, हे ठरतं.

उतरणीचाही हिशेब करता येतो. तोच एकास दहा उतार, पण खाली कडक रस्ता. चढताना जे 16 किलो आडवे येत होते, तेच आता मागून ढकलतात. रस्त्याचा अडथळा असून नसून तीनेक किलोचा. चाकं मोकळी सुटली, तर अशी गाडी दहा मीटरांत ताशी 14 किलोमीटरचा वेग घेते. 160 किलो लोखंड, बॅटऱ्या आणि द्राक्षं, आणि समोर क्रेट ठेवून वळलेली एखादी मावशी.

इथे मोटर थोडीफार मदत करते. ही गंमत हाताने अनुभवण्यासारखी आहे. मोटर टेबलावर ठेवावी, वायरी मोकळ्या सोडाव्यात आणि शाफ्ट बोटांनी फिरवावा, सहज फिरतो. मग दोन्ही वायरींची उघडी टोकं एकमेकींना जोडावीत आणि पुन्हा फिरवून बघावं. शाफ्ट एकदम जड होतो, घट्ट काकवीत फिरवावा तसा. फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज तिच्याच गुंडाळ्यांतून उलटी अडवणूक करते. जितकं जोरात फिरवाल तितका विरोध जास्त. पण यातच तिची मर्यादाही आली. फिरणं थांबलं की विरोधही संपला. अशा मोटरीवर भरवसा ठेवून गाडी उतारावर उभी केली, तर ती पळत सुटणार नाही, पण इंचाइंचाने सरकत राहील.

दुसरा मार्ग वर्म गिअरचा. मोटारगाडीच्या वायपरच्या मोटरीत तो असतो. मोटर चाकाला फिरवते, पण चाकाकडून मोटर सहसा फिरत नाही, त्यामुळे वीज गेली तरी जागच्या जागी धरून राहतं. घरगुती रोबोट बनवणाऱ्यांत वायपर मोटर आवडती असण्याचं हे एक कारण आहे. पण दात घासून चालत असल्यामुळे वर्म गिअर बरीचशी ताकद उष्णतेत घालवतो. छोट्या गाडीला ते चालतं. शेतात दोन तास एका चार्जिंगवर चालायचं असेल, तर परवडत नाही.

म्हणून स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक बसवला. स्प्रिंग चकतीला कायम दाबून धरते. चुंबकाला वीज दिली की स्प्रिंग मागे ओढली जाते आणि 'टक' असा आवाज होऊन चाक मोकळं होतं. चालत असताना तो सतत थोडी वीज खातो, आणि ती खाऊ देण्यातच शहाणपण आहे. बॅटरी संपली, वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी ब्रेक लागतोच. हा विचार फार जुना आहे. 1854 साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला आणि त्याने फळी तोलून धरणारा दोर सर्वांसमोर कापायला लावला. दोराचा ताण गेल्याबरोबर स्प्रिंगमुळे अडसर खाचांत बसले आणि फळी जागीच थांबली. उंच इमारतीत लोक लिफ्टने जाऊ लागले ते अशा खात्रीमुळे.

ब्रेकची वीज मी एकट्या मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅमवर सोडलेली नाही. वाटेत लाल मशरूम बटण आहे, आणि हँडलमध्ये एक दाबून धरायचा स्विच. हात सुटला की सर्किट तुटतं; प्रोग्रॅम जागा आहे की अडकला, याच्याशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच विमानतळांवरच्या सामानाच्या ट्रॉलीचा दांडा दाबला तरच ती हलते, तसंच हे. रिमोट मुद्दाम दिला नाही. दांडा हलका ओढला की गाडी मागून येते, जोरात ओढला की थोडी भरभर. शिकवायला काही लागलं नाही. बायकांनी पहिल्या खेपेतच तिला बांधावरून वळवून आणलं.

थांबण्याचीही एक रीत लागते. एकदम थांबलं की क्रेट पुढे घसरतात आणि द्राक्षाचे मणी गळतात. निर्यातीच्या मालाला ते चालत नाही. म्हणून रोजच्या थांबण्यात आधी मोटर वेग हळूहळू उतरवते आणि चाक स्थिर झाल्यावर ब्रेक लागतो. करकचून लागणारा ब्रेक फक्त अडचणीच्या वेळी. बॅटऱ्याही त्यासाठीच सगळ्यात खाली, दोन्ही आसांच्या मधोमध बसवल्या आहेत. सांगाडा आधी नुसत्या टॅकवर उभा केला, गुण्या लावला, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आल्यावरच पुरतं वेल्डिंग केलं. सांगाडा तिरका असेल, तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

मोठ्या प्रयोगशाळांची यंत्रं बघताना आता माझी नजर थांबण्याकडेच जाते. बोस्टन डायनॅमिक्सचा चार पायांचा एलएस-3 सैनिकांचं सुमारे 180 किलो सामान घेऊन डोंगर चढायचा; 2015 मध्ये अमेरिकी मरीन दलाने तो बाजूला ठेवला, कारण त्याच्या पेट्रोल इंजिनाचा आवाज दूरवर जात होता. मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसते. पायांवरच्या यंत्राला नुसतं उभं राहायलाही ताकद खर्चावी लागते. चाकाच्या गाडीला ब्रेक लागला की फुकट उभं राहता येतं. गोदामांत शेल्फ उचलून नेणारे छोटे किवा रोबोटही साडेचारशे किलोपर्यंत ओझं घेत, पण त्यांच्यासाठी फरशी आधी सपाट करून ठेवलेली असते. आमच्याकडे फरशीच्या जागी माळ आहे.

ही गाडी बघून लोक येतात आणि 300 किलोची बनवून मागतात. ओढणं अवघड नाही; मोठी मोटर, जाड पाइप, मोठं स्प्रॉकेट, सगळं विकत मिळतं. मी आधी जाऊन वाट बघतो. उतार किती, खाली रस्ता की विहीर, पोरं कुठे खेळतात. मग ब्रेकचा खर्च सांगतो. तो ऐकून काही जण म्हणतात, ब्रेक नंतर लावू, आत्ता चालू तर करू. त्यांना मी दोन चाकांचा साधा हातगाडा करून देतो. त्यात निदान माणूस स्वतःला रोखता येईल तेवढंच भरतो.