एका बाटलीवरचा भरवसा

भाचा दर रविवारी छोट्या बायोटेक कंपन्यांची यादी घेऊन येतो. "खाला, येत्या वर्षी हे शेअर दुप्पट होतील." धंदा हलाल आहे का, व्याजाचे कर्ज किती, हे आम्ही आधी पाहतो. मुंबई शेअर बाजारात 2010 पासून शरिया निर्देशांकही आहे. पण ही चाळणी धंदा तपासते, धोका नव्हे.

धोका समजायला आम्हा परळकरांना लांब जावे लागत नाही. हाफकिन यांनी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनीही ती घेऊन लोकांची भीती घालवली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळला आली. तरी 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. निर्दोष ठरायला 1907 उजाडले.

छोट्या कंपनीचेही सारे एका औषधावर, एका चाचणीवर असते. खरे औषधही सिद्ध व्हायला वर्षे लागतात आणि मुलीची फी जूनमध्येच भरायची असते. म्हणून फीचे पैसे आम्ही बाजूला ठेवले. उरलेल्यातून दोनच कंपन्या घेऊ, त्याही ताळेबंद वाचून. न वाचता घेतलेला शेअर हा जुगारच, हे भाच्यालाही पटले आहे.