आठ ओहमपुढे गप्प

सीआरओच्या पडद्यावर साइन वेव्ह इतकी गोल आणि स्थिर होती की मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, आरसीचे तीन टप्पे, ९ व्होल्टची बॅटरी. डिप्लोमाला आल्यावर माझ्या हातून चाललेला हा पहिला फेज शिफ्ट ऑसिलेटर. आता आवाज ऐकू म्हणून कपॅसिटरमधून ८ ओहमचा स्पीकर जोडला. आवाज नाहीच, पण लाटही सपाट झाली. स्पीकर काढला की लाट परत.

दोन ट्रान्झिस्टर बदलून झाले. मग पुस्तकातला नियम आठवला: सोर्स आणि लोड यांचा रोध सारखा असला की जास्तीत जास्त पॉवर मिळते. म्हणून कलेक्टरचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० ओहमचा लावला. आता स्पीकर नसतानाही सर्किट मुकं!

शनिवारी ब्रेडबोर्ड तसाच उचलून सिटी चौकाजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी सर्किटवर नजर फिरवली. "बीच में एमिटर फॉलोअर लगा, बेटा."

उलगडा हळूहळू झाला. आरसीच्या साखळीतून सिग्नलचा साधारण २९ वा हिस्साच उरतो, तो ट्रान्झिस्टरने भरून काढायचा. माझ्या १० ओहमवर, १ मिलिअँपिअर करंटला, गेन एकाच्याही खाली जात होता; स्पीकर जोडल्यावरही तेच. सीआरओ मात्र १० लाख ओहमचा, तो सर्किटकडून जवळपास काहीच मागत नाही. फॉलोअर व्होल्टेज वाढवत नाही, पण ८ ओहमला बीटाने गुणून मागच्याला दाखवतो. बीटा २०० धरला तरी १६०० ओहम, ४.७ किलोओहमपुढे तेही थोडेच. लाट आली ती अडखळत. चाचांनी पुढे बीडी १३९ जोडून डार्लिंग्टन केली आणि स्पीकर बारीक, पण सलग वाजू लागला. मला भरून आलं.

निघताना त्यांनी जुन्या पॉकेट रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातावर ठेवला. वेढ्यांचं प्रमाण ११ ला १ असेल तर ८ ओहम पलीकडून ९६८ दिसतात. व्होल्टेज ११ पट उतरतं आणि करंट ११ पट चढतो, म्हणून गुणायचं १२१ ने. एवढं समजलं. पण मल्टिमीटर त्याच वाइंडिंगवर शंभराच्याही आतला आकडा दाखवतोय. सोमवारी सरांना विचारणार आहे.